जनजागृतीची भाषा : एचआयव्हीविषयक संदेश

संदेशातील शब्द ग्राहकाच्या अनुभवविश्वातला नसेल तर काय घडते, याचा विचार या उपघटकात करावयाचा आहे.

१९८६ नंतर युगांडाच्या सरकारने एचआयव्ही प्रतिबंधाची मोहीम हाती घेतली. तिचे एक घोषवाक्य होते ‘झीरो ग्रेझिंग’. जनावर मोकाट न सोडता जागेवरच चारा घालण्याच्या पद्धतीचे हे नाव. गुरे पाळणाऱ्या समाजाला त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागला नाही : घराबाहेर लैंगिक संबंध ठेवू नका. या रूपकात ब्रह्मचर्याचा उपदेश नव्हता. एकाहून अधिक पत्नी असलेल्या पुरुषालाही ते लागू पडत होते. पुढे १९९०च्या दशकात तेथील संसर्गाचे प्रमाण घटले. त्याचे सारे श्रेय एका घोषवाक्याला देणे भाबडेपणाचे ठरेल. पण संदेश समजला होता, एवढे निश्चित. हेच मराठीत ‘चराईबंदी’ म्हणून आणले, तर आपल्याला पाणलोट क्षेत्राचे काम आठवेल!

आज प्रतिबंधाचे पर्याय वाढले आहेत आणि त्याबरोबर भाषेची जोखीमही. ‘प्रेप’ ही औषधे संसर्गाचा धोका उद्भवण्यापूर्वी घ्यावयाची; ‘पेप’ धोका उद्भवल्यानंतर, शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची. दोहोंना ‘प्रतिबंधक औषध’ हे एकच नाव दिले, की हे ७२ तास वाचकाच्या हातून निसटतात. संसर्ग होऊनही चाचणीत तो दिसत नाही, त्या सुरुवातीच्या काळाला ‘गवाक्ष काळ’ म्हटल्याने व्याकरण बिघडत नाही, बोध मात्र होत नाही. ‘आजची चाचणी निगेटिव्ह असली तरी सांगितलेल्या मुदतीनंतर पुन्हा करा’ हे वाक्य लांब असले तरी अधिक उपयोगी आहे.

सर्वांत नाजूक वाक्य आहे ‘विषाणू आढळत नाही’. नियमित उपचाराने रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी होते आणि तसे ते टिकले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे शास्त्रीय सत्य आहे. परंतु आपल्या बोलण्यात ‘आढळत नाही’ म्हणजे ‘नाहीच’. ऐकणारा ‘बरा झालो’ असे समजून गोळ्या थांबवतो. मग विषाणू पुन्हा वाढतो.

स्वाध्याय : वरील वाक्य असे लिहा, की ऐकणाऱ्याची भीती जाईल, पण गोळ्या थांबणार नाहीत. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला ते वाचून दाखवा आणि त्यांना काय समजले, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा.