तलावाच्या पाण्याची वही

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण रुपया न् रुपया मोजतो. कुणाची बचत किती, कर्ज किती, व्याज किती आलं, सगळं वहीत असतं. पण गावच्या तलावात आज पाणी किती, असं कुणी विचारलं तर उत्तर येतं, "आहे अर्धा-पाऊण." अर्ध्या-पाऊणवर हिशेब होत नाही. मग मार्च-एप्रिलमध्ये ग्रामसभेत वाद निघतो. उरलेलं पाणी उन्हाळी धानाला सोडायचं, की गुरांसाठी, मासळीसाठी, विहिरींसाठी राखायचं? आकडा कुणाकडेच नसतो, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. आणि आवाज कुणाचा मोठा असतो ते आपल्याला ठाऊक आहे.

सिव्हिल इंजिनिअरिंग, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना जलविज्ञान नावाचा विषय असतो. नाव भारी वाटतं, पण आत आहे पाण्याचा जमाखर्च. पाऊस किती पडला, त्यातलं वाहून किती आलं, जमिनीत किती मुरलं, उन्हाने किती उडालं आणि शिल्लक किती राहिली. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला हे समजायला अवघड नाही. चला, पावसापासून सुरुवात करू.

रेडिओवर सांगतात, "२० मिलिमीटर पाऊस झाला." त्याचा अर्थ असा की पडलेलं पाणी कुठे वाहिलं नसतं, मुरलं नसतं, तर जमिनीवर २० मिलिमीटर उंच उभं राहिलं असतं. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. हे एवढं पाठ करा, पुढचं सगळं यातूनच निघतं. तुमचं घर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर छताखाली ६० चौरस मीटर जागा झाली. २० मिलिमीटर पावसात त्या छतावर १,२०० लिटर पाणी पडतं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे याच छतावर वर्षात ७८ हजार लिटर! आणि मे महिन्यात आपण हंडा घेऊन रांगेत.

पाऊस घरीही मोजता येतो. सपाट बुडाचा, वरून खालपर्यंत सारख्या रुंदीचा डबा घ्या. झाड आणि छपरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरा, आकडा लिहा आणि डबा रिकामा करा. साडेआठच का? हवामान खात्याची रोजची नोंद त्याच वेळेची असते. आपल्या डब्याचा आकडा सरकारी पुरावा ठरत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर. पण मंडळाच्या ठिकाणी कमी आणि आपल्या शिवारात जास्त असं झालं, तर पंचनाम्याची मागणी करताना हातात तारीख आणि आकडा असलेला बरा.

आता तलावाकडे येऊ. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला तरी दोन्हीकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी यातले कितीतरी बांधले. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता. पण उतार कुठून कुठे, पाणी कुठे थांबेल, पाळ किती उंच घ्यायची आणि जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात कसं न्यायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं. आज वर्गात जे फळ्यावर शिकवतात ते त्यांनी जमिनीवर करून ठेवलं. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. निगा कुणी राखायची हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोच आहे.

तलावात येणारं पाणी तलावावर पडलेल्या पावसाचं फार थोडं असतं. बहुतेक येतं पाणलोटातून, म्हणजे जिथलं पाणी उतरून तलावाकडे येतं त्या सगळ्या रानातून आणि शेतांतून. मिरगाचा ५० मिलिमीटर पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते, तलावाला थेंब मिळत नाही. तोच ५० मिलिमीटर ऑगस्टमध्ये पडला की जमीन आधीच भरलेली असते, पाणी धावत येतं. म्हणून पाऊस बरा होऊनही तलाव भरला नाही, तर नुसतं आभाळाकडे पाहू नका. पाणलोटात एक चक्कर मारा. नवा रस्ता झाला आणि खाली पाईप टाकलाच नाही, नाल्याच्या तोंडावर कुणी धुरा घातला, अशी कारणं पायी फिरल्यावरच दिसतात.

आता मुख्य हिशेब. समजा तलावात आज ५ हेक्टरवर पाणी पसरलेलं आहे. पाणी १ सेंटिमीटरने खाली गेलं म्हणजे किती गेलं? ५ हेक्टर म्हणजे ५० हजार चौरस मीटर, आणि १ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर. गुणाकार करा, ५ लाख लिटर. आता धानाच्या बांधीत पहा. १ हेक्टर बांधीत ५ सेंटिमीटर पाणी उभं करायला लागतं तेही ५ लाख लिटर. म्हणजे तलावाचं एक बोट उतरलं की एका हेक्टरचं एक पाणी झालं. नहरात वाटेत मुरतं ते वेगळं.

पण न सोडताही पाणी जातं. एप्रिल-मेच्या कडक उन्हात उघड्या तलावाचं रोज जवळपास १ सेंटिमीटर पाणी उडून जातं. समजा १५ एप्रिलला तुडुमाच्या वर नव्हे, तर तळापासून मोजून १ मीटर पाणी आहे. १५ जूनपर्यंत ६० दिवस धरा. ६० सेंटिमीटर तर ऊनच नेणार. राहिलं ४० सेंटिमीटर, त्यात गुरं, मासळी आणि काठच्या विहिरींचा झिरपा. अशा वेळी "अजून मीटरभर आहे, दोन पाळ्या सोडा" असं कुणी म्हटलं तर हा हिशेब मांडा. पाळ्यांनी २० सेंटिमीटर गेलं, तर जूनला २० सेंटिमीटर गरम चिखलपाणी उरेल, त्यात मासळी जगायची नाही. तलाव ठेक्याने घेतलेल्या संस्थेचं आणि मासळी विकणाऱ्या बायांचं वर्ष त्यात बुडतं. उलट १५ एप्रिलला २ मीटर असेल, तर धानवाल्याला अडवायचं काही कारण नाही, हेही आकडाच सांगेल. एक लक्षात ठेवा, पाणी उतरतं तसा पसारा आकसतो. हिशेबाला भरलेल्या तलावाचं क्षेत्र घेऊ नका, आजचं घ्या.

गाळाबद्दल थोडं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे आणि गाळ शेतात टाकणं चांगलंच. पण मशीन लागली की खोल खोल खणायचा मोह होतो. तळाचा चिकण थर हे तलावाचं लिंपण आहे. तो फोडून मुरूम उघडा पडला तर पाणी खालून निघून जातं. मशीन चालू असताना गटाची एक बाई तिथे उभी राहिली पाहिजे. मातीचा रंग बदलला की थांबवायला सांगायचं.

नदीचं गणितही असंच, फक्त आकडे मोठे. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते. म्हणून तिचा पाणलोट आपल्या डोळ्यांना दिसत नाही. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वर जोराचा पाऊस झाला, संजय सरोवराचं पाणी सोडलं गेलं आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावं पाण्यात गेली. अशा वेळी बातमीत क्युमेक ऐकू येतं. १ क्युमेक म्हणजे सेकंदाला १ हजार लिटर. गोसेखुर्दच्या ३३ दरवाजांतून ५ हजार क्युमेक सुटतंय असं सांगितलं, तर दर सेकंदाला ५० लाख लिटर. आपला ५ हेक्टरचा तलाव १० सेंटिमीटर उतरायला जेवढं पाणी जावं लागतं, तेवढं एका सेकंदात! आणि कारध्याच्या पुलाची धोक्याची पातळी २४५.५० मीटर म्हणतात, ती नदीची खोली नाही बरं का. ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. दर तासाला पातळी किती चढते ते पहा, घर कधी सोडायचं ते त्यावरून ठरतं.

तुमच्या घरात दहावी-बारावीची मुलगी असेल आणि तिला हे गणित आवडत असेल, तर तिच्याकडूनच वही लिहून घ्या. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची स्थापत्य पदविका करता येते, पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. जलसंपदा आणि जलसंधारण खात्यांत या शिक्षणावर भरती होते.

वहीत चारच रकाने आखा: तारीख, पाऊस, तलावाची पातळी, विहिरीची पातळी. तलावासाठी तुडुमाच्या दगडावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि दर सोमवारी वाचा. विहीर दोरीला दगड बांधून मोजा, काठापासून पाण्यापर्यंत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आपणही तेच महिने धरू. ज्या गटांची वही मेपर्यंत भरेल त्यांनी ती पुढच्या महिन्याच्या बैठकीला सोबत आणावी, शेजारच्या दोन गावांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू.