गळक्या झडपा व त्यांची दुरुस्ती

यंत्र बिघडलें म्हणजे मनुष्य प्रथम त्याच्या मोठ्या भागांकडे संशयानें पाहतो. परंतु पुष्कळ वेळां सर्व अनर्थाचें मूळ तळहाताहून लहान अशा एखाद्या भागांत असतें. इंजिनाची झडप, जिला कारखान्यांत व्हॉल्व्ह म्हणतात, ही अशीच वस्तु आहे. तिच्यापासून आम्हांस एका उन्हाळ्यांत जो धडा मिळाला, तो विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावा या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या गांवच्या रस्त्याचें काम चाललें होतें. खडी पसरून झाली होती व ती दाबण्यासाठीं एक जुना तीनचाकी डीझेल रोलर आणला होता. त्याचें इंजिन दोन सिलिंडरांचें, हातानें फिरवून चालू करावयाचें. मृग नक्षत्र पंधरा दिवसांवर आलें असतां तें सकाळीं चालू होईना. झालेंच तर पांढरा धूर ओकी व चढावर दम सोडी. यंत्रकामाचे थोडेसे पाठ घेतलेले असल्यामुळें मिस्त्र्यांच्या हाताखालीं ही दुरुस्ती आम्हीं पत्करली.

डीझेल इंजिनांत तेल पेटविण्यास ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनाचें तत्त्व असें कीं, आंत घेतलेली हवा दट्ट्यानें इतकी दाबावयाची, कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घ्यावें. अशा इंजिनांत हवा सामान्यतः मूळ आकारमानाच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास दाबली जाते व तिचें तपमान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जातें. झडप गळूं लागली कीं हवा निसटते, दाब घटतो, त्याबरोबर उष्णता घटते, आणि तेल न पेटतां धूर होऊन बाहेर पडतें.

परंतु गळती झडपेचीच हें ओळखावें कसें? हातानें इंजिन हळूहळू फिरवीत जावें. निरोगी सिलिंडर दाबाच्या वेळीं हाताशीं झुंजतो; आजारी सिलिंडर मुकाट्यानें वळतो. त्याच क्षणीं कान द्यावा. धुराच्या नळींत फुसफुस ऐकूं आली तर धूर सोडणारी झडप गळते. हवा घेण्याच्या नळींत आली तर हवा घेणारी. रेडिएटरच्या पाण्यांत बुडबुडे दिसले तर हेडखालील गॅस्केट फाटलेलें असण्याचा संभव असतो. सिलिंडरांत अगदीं थोडें वंगणतेल सोडून पुन्हां हातानेंच फिरवावें. दाब वाढला तर दोष दट्ट्याच्या रिंगांचा, न वाढला तर बहुधा झडपांचा. आमच्या रोलरच्या धुराच्या नळींत फुसफुस स्पष्ट होती.

येथें घाई करून हेड उतरवूं नये. झडप पूर्ण मिटलेली असतां टॅपेटची फट आधीं मोजावी. फटच उरली नसेल तर झडप टेकूंच शकत नाहीं, आणि दहा मिनिटांच्या कामासाठीं दोन दिवस फुकट जातात. आमची फट बरोबर होती. म्हणून पाणी काढून, हेडच्या नटा कडेकडून मध्याकडे थोड्या थोड्या सैल करून, हेड उतरविलें. स्प्रिंगा दाबून लॉक काढले व प्रत्येक झडपेवर तिच्या जागेचा अंक घातला, कारण एकीची जागा दुसरीस मानवत नाहीं.

काजळी खरवडतांच दोष दिसला. एका झडपेची कड व तिची बैठक, जिला मिस्त्री सीट म्हणतात, खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. तापलेल्या झडपेची बहुतेक उष्णता या बैठकीवाटेच हेडमध्यें जाते. जेथें ती टेकत नाहीं तेथून पेटलेला वायु सुटतो, ती जागा अधिक तापते, जळते व गळती वाढत जाते. म्हणून असें दुखणें आपोआप बरें होत नसतें.

आम्हीं जाडी व मग बारीक पेस्ट लावून झडप घासली. घासतांना ती एकसारखी गरगर फिरवावयाची नसते. अर्धा वळसा पुढें, अर्धा मागें, आणि मधून मधून उचलून जागा बदलावयाची. शेवटीं सर्व बाजूंनीं सारखा करडा पट्टा उमटला. हेड आडवें ठेवून झडपेमागील पोकळींत रॉकेल ओतलें. थेंबहि पाझरला नाहीं. आम्हांस मोठा अभिमान वाटला. मिस्त्री मात्र झडप थोडी उचलून हलवून म्हणाले, "गाईड झिजलें आहे, दांडा डुलतो. नवें घाला." शहरांतून गाईड आणावयास दिवस जातील, पाऊस जवळ आला, आणि रॉकेल तर पाझरत नाहीं, असा युक्तिवाद करून आम्हीं त्यांचें मन वळविलें.

रोलर उत्तम चालला, पण आठच दिवस. नंतर तीच फुसफुस! कारण उघड होतें. रॉकेलची परीक्षा स्थिर झडपेची असते. चालत्या इंजिनांत सैल गाईडमधील झडप दर वेळीं थोडी कलून निराळ्या ठिकाणीं आपटते व घासून जमविलेला पट्टा बिघडवून टाकते. आम्हीं रोगाचें चिन्ह पुसलें होतें, रोग नव्हे.

या वेळीं सर्व क्रमानें केलें. जुनें गाईड ठोकून काढलें, नवें दाबून बसविलें व रीमरनें साफ केलें. गाईड बदललें कीं मध्यबिंदु सरकतो. म्हणून बैठक नव्या गाईडच्या आधारानें कटरनें पुन्हां कापली. झडपेची कड सुरीसारखी पातळ झाली होती. अशी कड लाल होऊन जळते, म्हणून झडपहि नवी घातली. निळा रंग लावून पट्टा तपासला. तो साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावा. फार रुंद झाला तर काजळी धरतो, फार अरुंद झाला तर उष्णता वाहून नेत नाहीं. मग बारीक पेस्टनें हलकेच घासून सर्व भाग रॉकेलनें धुतले, कारण राहिलेला पेस्टचा कण दांडा व सिलिंडर दोन्ही खातो. नवें गॅस्केट घालून नटा मध्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, आवळल्या व टॅपेटची फट कारखान्यानें दिलेल्या मापाची ठेवली.

इंजिन पहिल्याच वळशास पेटलें; परंतु गाईडची वाट पाहण्यांत चार दिवस गेले होते आणि आदल्या रात्रीं पहिला पाऊस पडून गेला होता. न दाबलेला सुमारें दोनशें मीटरांचा तुकडा उखडून खडी गटारांत गेली. ज्या बायांनीं ती डोक्यावरून पाट्या वाहून पसरली होती, त्यांनाच ती पुन्हां वेंचावी लागली. त्या आम्हांस कांहीं बोलल्या नाहींत. आम्हींहि पाटी उचलली. दुसरें करण्यासारखें कांहीं नव्हतें.

मित्रहो, जुन्या यंत्रांचीं मापें व नांवें निरनिराळीं असतील, पण क्रम एकच : आधीं ऐका, मग मोजा, मग उघडा; झडप, बैठक, गाईड व फट या चौघांची एकत्र चौकशी करा, आणि जाणत्या हातानें दाखविलेला दोष आपल्या सोयीसाठीं दडपूं नका.