काळ्या गाडीची चमक

काळी मोटार लांबून पाहिली, की आरशासारखी दिसते. आता उन्हात तिच्या जवळ जाऊन पाहा. उन्हाच्या चकचकीत ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. मालक म्हणतो, "गाडी रोज पुसून घेतो, तरी अशी का झाली?" खरी गोष्ट अशी, की गाडी पुसल्यामुळेच तशी झाली.

शहरात आणि तालुक्याच्या गावी गाड्या धुण्याचा, पॉलिश करण्याचा धंदा करून पुष्कळ कुटुंबं पोट भरतात. हात चांगला असला तर गिऱ्हाईक पुन्हा येतं. पण चुकीच्या हाताने दुसऱ्याच्या गाडीचा रंग उडाला, तर महिन्याची कमाई भरपाईत जाते. म्हणून हे काम आपण नीट समजून घेऊ.

ओरखडे येतात कोठून?

धुळीत वाळूचे बारीक कण असतात. गाडीच्या रंगापेक्षा वाळू कठीण असते. सकाळी कोरडं फडकं फिरवलं, की हे कण फडक्याखाली सापडतात आणि रंगावर घासले जातात. जमिनीवर पडलेलं फडकं तसंच उचलून वापरलं, तरी तेच होतं. असं रोज झालं, की ओरखड्यांची जाळी तयार होते.

मग हे ओरखडे गोल का दिसतात? खरं म्हणजे ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. पण ज्यांच्यावर उजेड आडवा पडतो, तेवढेच चमकतात. बाकीचे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून उजेडाभोवती कडी असल्यासारखी वाटतात. बॅटरी हातात घेऊन हलवून पाहा. बॅटरीबरोबर कडीही हलतील.

पांढऱ्या गाडीवरही असे ओरखडे असतात. पण पांढरा रंग स्वतःच उजेड परत फेकतो. त्यात चमकणारा ओरखडा हरवून जातो. काळा रंग उजेड गिळून टाकतो. त्यामुळे काळ्यावर प्रत्येक रेघ उठून दिसते.

वरचा थर म्हणजे भांडवल

आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर असतो. त्यावर रंग असतो. रंगावर काचेसारखा पारदर्शक लॅकरचा थर असतो. चमक असते ती याच थराची. कडक उन्हापासून खालच्या रंगाला हाच थर राखतो.

हा थर किती जाड असतो? एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर लॅकर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ!

पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा लॅकर किंचित घासून, तो ओरखड्याच्या तळाच्या पातळीला आणणं, याचं नाव पॉलिश. म्हणजे दर वेळी भांडवलातून थोडा खर्च होतो. या भांडवलात पुन्हा भर घालता येत नाही. लॅकर फार पातळ झाला, की काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. मग गाडी पुन्हा रंगवावी लागते.

म्हणून आधी नखाने पाहावं. ओरखड्यावरून नख हळूच आडवं फिरवावं. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो काढण्याच्या भरीस पडू नये. मालकाला तसं आधीच सांगावं. नख अडकलं नाही, तर तो बहुधा पॉलिशने जाईल.

तयारी

गाडी सावलीत घ्यावी. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडी धुण्याच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ काढावी. मग शाम्पूत भिजवलेला मऊ हातमोजा वरून खाली फिरवावा. तो आधी साध्या पाण्यात पिळून, मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. चाकांचं फडकं वेगळंच ठेवावं.

धुतल्यावर रंगावर हात फिरवून पाहावा. खरखरीत लागलं, तर डांबराचे, लोखंडाचे कण चिकटलेले आहेत. क्ले नावाची माती मिळते. रंग ओला ठेवून ती हलकेच फिरवावी, म्हणजे ते कण निघतात. माती खाली पडली तर ती टाकून द्यावी. चार पैसे वाचवायला जाऊन नवे ओरखडे पाडू नयेत.

मग गाडी कोरडी करावी. रबरी पट्ट्या, प्लॅस्टिकचे भाग आणि दरवाजांच्या, बॉनेटच्या कडा यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. तिथेच तो आधी उडतो.

मशीन कोणतं घ्यावं?

पॉलिशची मशीनं मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक रोटरी. त्याचं पॅड एकाच जागी गरगर फिरतं. ते लवकर काम करतं, पण लवकर तापतं. नवख्या हाताने त्याने रंग जाळलाच म्हणून समजा. दुसरं ड्युअल ॲक्शन. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि इकडेतिकडे डोलतही राहतं. त्याने उष्णता कमी होते. शिकणाऱ्याने हेच मशीन घ्यावं.

या मशीनच्या मागच्या तबकडीवर पेनाने एक रेघ मारून ठेवावी. काम करताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. जास्त दाब दिला, की पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. मग काम होत नाही. मशीनचं वजन आणि हाताचा हलका भार एवढा दाब पुरे.

प्रत्यक्ष काम

सगळी गाडी एकदम घ्यायची नाही. आधी बॉनेटवर दीड-दोन फूट चौरस जागा घ्यावी. मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश यांनीच सुरुवात करावी. तेवढ्याने काम झालं तर उत्तम. नाहीच झालं, तरच थोडं कडक पॅड किंवा भरड पॉलिश घ्यावं. ताप आला म्हणून कोणी आधी शस्त्रक्रिया करत नाही!

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्यावेत. पॅड रंगावर टेकवावं आणि मगच मशीन सुरू करावं, नाहीतर पॉलिश अंगभर उडतं. आधी कमी वेगावर पॉलिश पसरावं. मग वेग मध्यमापेक्षा थोडा वाढवावा. हात मात्र सावकाश चालवावा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. शेतात नांगराच्या तासाला तास लागून जातात, तशी इथे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे. एकदा आडवं जावं, एकदा उभं जावं. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या, की थांबावं. मधूनमधून पत्र्याला हात लावावा. चटका बसण्याइतका तापला असेल, तर निवू द्यावा.

वायर खांद्यावरून मागे टाकावी, म्हणजे ती रंगावर घासत नाही. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवावं. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावावा. गाडीची काळजी घ्यायची आणि स्वतःची नाही, असं करू नये.

पॅडवर पांढरं पॉलिश दिसावं. काळा रंग येऊ लागला, तर लगेच थांबावं. गाडी जुन्या पद्धतीने, लॅकरशिवाय रंगवलेली असेल, किंवा लॅकर संपून खालचा रंग लागला असेल.

खरी चमक, खोटी चमक

मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने पॉलिश पुसलं, की गाडी लखलखते. पण फसू नका. पॉलिशमध्ये तेल असतं. ते ओरखड्यांत बसून त्यांना झाकतं. दोन-चार धुण्यांत तेल जातं आणि ओरखडे पुन्हा दिसतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, "पैसे घेऊन फसवलं."

म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ती जागा हलकेच पुसावी. तेल निघून जातं. हे द्रव्य पेट घेतं, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको. मग बॅटरीच्या उजेडात पाहावं. जाळी गेली असेल, तर काम खरं झालं. हीच पद्धत मग सगळ्या गाडीला लावावी. मधूनमधून ब्रशने पॅड साफ करावं. शेवटी मेण लावावं. मेण ओरखडे काढत नाही, पण वर पातळ कवच करतं.

एखादी बारीक रेघ राहिली, तर राहू द्यावी. तिच्यामागे लागून लॅकर संपवू नये. अति तेथे माती. आणि गाडी परत देताना मालकाला सांगावं, "साहेब, आता कोरडं फडकं फिरवू नका. आधी पाणी, मग फडकं." कोणी म्हणेल, असं सांगितलं तर आपला धंदा बुडेल. आम्ही म्हणतो, बुडणार नाही. ज्याच्या शब्दावर विश्वास बसतो, त्याच्याकडे माणूस दुसरी गाडीही घेऊन येतो.

सांगा पाहू

१. काळ्या गाडीवर ओरखडे जास्त का दिसतात?
२. लॅकरला भांडवल का म्हटलं आहे?
३. मशीनच्या तबकडीवर रेघ कशासाठी मारायची?
४. पॉलिश झाल्यावर तेल पुसून का पाहायचं?