शेताचा आराखडा शेतातच शिकावा

पाणी, माती, झाडे, जनावरे व मनुष्याचे श्रम यांचा परस्परांशी मेळ घालून शेताची टिकाऊ मांडणी करणे, यास पर्माकल्चर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनी 1978 साली हा विचार ग्रंथरूपाने मांडला. 1987 साली मॉलिसन यांनी हैदराबाद परिसरात अभ्यासवर्ग घेतला आणि 2017 साली या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादेतच भरली. आराखड्याचा रूढ अभ्यासक्रम 72 तासांचा असतो. तथापि केवळ व्याख्याने ऐकून आराखडा करता येत नाही. सेंद्रिय शेतावरील शिबिरात तो हातांनी कसा शिकावा, हे पाण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

प्रथम निरीक्षण

पहिल्या दिवशी कुदळीस हात लावू नये. शिकणाऱ्यांनी शेत चारी बाजूंनी फिरून पाहावे. पाणी कोठून शिरते, घळ कोठे पडली आहे, गाळ कोठे साचतो आणि गवत कोठे उशिरापर्यंत हिरवे राहते, याची नोंद करावी. मोठ्या पावसात पाण्याचा लोंढा कोणत्या वाटेने जातो, हे शेतमालकास अवश्य विचारावे. त्यानंतरच कागदावर नकाशा काढावा. 1 हेक्टर क्षेत्रावर 25 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 2,50,000 लिटर पाणी पडते. त्यातील जे मुरत नाही, ते माती घेऊन जाते.

ओळंब्याची चौकट

समपातळी रेषा नजरेने ठरवू नये, कारण नजर फसते. सुमारे 2 मीटर लांबीच्या दोन सारख्या काठ्यांची टोके वर एकत्र बांधून पाय फाकवावेत व मध्यावर आडवी काठी बांधावी. शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी आडव्या काठीच्या खालपर्यंत सोडावी. चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीस जेथे लागते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करावी. या दोन खुणांचा मध्य ही समपातळीची खूण होय. शेतात चौकटीचा एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवावा. दोरी मध्यखुणेवर आली की तेथे खुंटी ठोकून पुढे जावे. प्रत्येकाने निदान एक ओळ स्वतः आखावी.

चर, बांध व सांडवा

हलक्या, मुरमाड व मंद उताराच्या जमिनीत या रेषेवर चर खणावा. माती उताराच्या बाजूस टाकून चोपावी व बांध करावा. जादा पाण्यासाठी बांधाच्या माथ्याहून खालच्या पातळीवर दगडी सांडवा ठेवावा. सांडवा विसरल्यास मोठ्या पावसात वरचा बांध फुटतो, त्या लोंढ्याने खालचेही बांध फुटतात आणि मूळच्यापेक्षा अधिक माती वाहून जाते. बांधावर वाळा, गिरिपुष्प व शेवगा लावावा. गिरिपुष्पाचा पाला छाटून आच्छादनास वापरावा.

जमीन पाहून निर्णय

शिबिरात जे पाहिले तेच आपल्या शेतात जसेच्या तसे करणे धोक्याचे आहे. भारी काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेथे समपातळी बांधामागे पाणी तुंबून तुरीसारखी पिके मरतात व उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून बांधही फुटतो. अशा जमिनीत थोडा ढाळ देऊन जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढावे. ज्या जमिनीत पाणी मुरत नाही, तेथे ते अडवून ठेवण्याचा हट्ट धरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिबिर उन्हाळ्यात घ्यावे, परंतु ते उन्हाळ्यात संपले असे समजू नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच शेतकऱ्यांना पुन्हा त्या बांधावर न्यावे. पाणी कोठे थांबले, कोठे उलटले व कोठे कोरडेच राहिले, हे पाहून नकाशा दुरुस्त करावा. ही दुरुस्ती ज्यास करता आली, तो आराखडा शिकला असे समजावे.