विषाला मिळालेला आसरा

वाहते पाणी निर्मळ, असे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणत आले आहेत, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. नदीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात एखादे घातक रसायन मिसळले, तर त्याचा नाश करणारे दोन कामगार तेथे सदैव हजर असतात. एक सूर्यप्रकाश आणि दुसरे पाण्यातील जीवाणू. सूर्यकिरणांच्या आघाताने कित्येक रसायनांचे रेणू फुटतात. जीवाणू तर त्यांतील काहींना आपले अन्नच समजतात आणि त्यांचे लहान लहान, पुष्कळदा निरुपद्रवी असे तुकडे करून टाकतात. या क्रियेस विघटन म्हणतात. सूर्य रात्रीपुरती रजा घेतो. जीवाणू तेवढीही घेत नाहीत!

परंतु गेल्या काही दशकांत या कामात एक नवाच घटक शिरला आहे. टाकून दिलेल्या पिशव्या, बाटल्या, मासेमारीची जाळी ही उन्हाने तडकतात, लाटांनी झिजतात आणि त्यांचा भुगा होतो. ५ मिलिमीटरांहून लहान अशा तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे सूक्ष्मकण, असे म्हणतात. इंग्लंडमधील रिचर्ड थॉम्पसन व त्यांचे सहकारी यांच्या २००४ सालच्या निबंधामुळे हे कण जगाच्या नजरेस आले.

हे कण विघटनाच्या आड कसे येतात, हे समजण्यासाठी, मुलांनो, आपण स्वयंपाकघरात डोकावू. काचेच्या बरणीत आमटी ठेवली, तर बरणी धुतल्यावर लख्ख होते. प्लास्टिकच्या डब्याला लागलेला हळदीचा पिवळेपणा मात्र घासून घासून हात दुखले तरी जात नाही. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि प्लास्टिक हे स्वभावाने तेलाच्याच गोतातले. म्हणून तो रंग पाणी सोडून प्लास्टिकला बिलगतो. डीडीटी हे कीटकनाशक आणि पूर्वी विजेच्या रोहित्रांत वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायने हीदेखील अशीच, पाण्याचा तिटकारा असणारी आहेत. अथांग पाण्यात प्लास्टिकचा कण भेटला, की ती त्याला जाऊन चिकटतात.

कण जितके बारीक, तितकी चिकटायला जागा अधिक. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर भरेल. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे १००० घन केले, तर त्या सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होईल. प्लास्टिक तेवढेच, जागा दसपट!

जपानमधील हिदेशिगे ताकादा आणि त्यांचे सहकारी यांनी या गोष्टीचा प्रत्यक्ष पडताळा घेतला. कारखान्यांत प्लास्टिकच्या वस्तू घडविण्यासाठी जे कोरे दाणे वापरतात, ते त्यांनी समुद्राच्या पाण्यात ६ दिवस ठेवले. दिवसागणिक दाण्यांवरील पीसीबी वाढतच गेले. किनाऱ्यांवर वेचलेल्या दाण्यांतही ते सापडले. सभोवतालच्या पाण्याच्या मानाने दाण्यांवर ही रसायने लाखो पटींनी साठू शकतात, असे त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. जपानमध्ये पीसीबीचे उत्पादन तर १९७२ सालीच थांबले होते! हा सारा दोष प्लास्टिकचा, असे मात्र कोणी समजू नये. पीसीबी मुळातच चिवट, आणि समुद्रतळाच्या गाळातही ते दडून बसते.

आता आपल्या त्या दोन कामगारांची अडचण पाहा. दाण्याच्या अंतर्भागात शिरलेल्या रसायनापर्यंत जीवाणू पोहोचू शकत नाहीत. दाणा अपारदर्शक असेल, तर प्रकाशही आत जात नाही. विषाला जणू घरच मिळते, आणि तेही तरंगणारे घर. पुढे हा दाणा स्वच्छ पाण्यात जाऊन पोहोचला, की साठवलेले रसायन तो थोडे थोडे सोडू लागतो.

तथापि गोष्ट इतकी सरळ नाही. घरातील तो पिवळा डबा चार दिवस कडक उन्हात ठेवा. डाग फिकट होईल. प्रकाश जेथे पोहोचतो, तेथे चिकटलेले रसायनही मोडते. शिवाय उन्हाने जुनाट झालेल्या प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची अत्यंत क्रियाशील रूपे निर्माण होतात आणि ती काही रसायनांचे विघटन उलट वेगाने घडवितात. कणांवर जीवाणूंच्या वसाहतीही वसतात. त्यामुळे कण विघटनाला अडवील की हात देईल, हे प्लास्टिक कोणते, रसायन कोणते आणि पाणी कसे, यांवर अवलंबून असते.

बरे, विघटन झाले म्हणजे विष संपलेच असेही नाही. डीडीटी मोडले की त्यातून डीडीई नावाचे दुसरे रसायन उरते आणि तेही वर्षानुवर्षे टिकते. ताकादा यांनी २००५ साली जगभरच्या लोकांना आवाहन केले, की आपापल्या किनाऱ्यावरील दाणे वेचून टपालाने आमच्याकडे पाठवा. लोकांनी ते पाठविले. पाकिटांतून आलेल्या त्या चिमुकल्या दाण्यांवर मूळ डीडीटी किती आणि त्याची मोडलेली रूपे किती, हे दोन्ही त्यांच्या प्रयोगशाळेत मोजले गेले.