सामाईक बांध कोणी राखावा?
(अभ्यासवर्गासाठी पाठ)

सर्वांची वस्तू ती कोणाचीच नव्हे, असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे कितपत खरे आहे, ते गोव्यातील खाजन जमिनींच्या उदाहरणाने आपण या पाठात पाहू.

१. रचना : मांडवी व जुवारी या नद्यांत भरतीचे खारे पाणी दूरवर आत शिरते. पूर्वजांनी काठाने मातीचे बांध घालून सुमारे १८,००० हेक्टर जमीन लागवडीस आणली. बांधात ‘मानस’ नावाचे दार असते. भरतीच्या दाबाने त्याच्या लाकडी झडपा मिटतात व ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. पावसाळ्यात आत कोरगुट हे खार सोसणारे भात पिकते. मानसापाशी मासळीही मिळते.

२. व्यवस्था : बांध एके ठिकाणी फुटला तरी सर्वांची शेते बुडतात. म्हणून त्याची राखण गावकरी संस्थेकडे असे. तिचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ साली लिहून घेतले. म्हणजे संस्था त्याहून जुनी. जमिनीच्या व मासेमारीच्या लिलावातून पैसा येई. त्यातून सामाईक खर्च भागवून उरलेला गावकरांत वाटला जाई. मात्र हा हक्क गावकर घराण्यांतील पुरुषांचाच होता. स्त्रिया व राबणारी कुळे बाहेरच राहिली, हे आपण विसरू नये.

३. बदल : १९७६ च्या कायद्याने कुळे जमिनीची मालक झाली. हा न्यायच होता. बांधांची जबाबदारी कूळसंघांवर आली. परंतु शेतीपेक्षा मासळीला मोल आले. मानसाचा ठेका घेणाऱ्याची नजर एका हंगामाच्या नफ्यावर असते. अधिक मासळीसाठी भरतीच्या वेळीही मानस उघडे ठेवण्याचे प्रकार घडतात. मग खारे पाणी शेतात साचते, शेत पडीक पडते, आणि पडीक जमिनीला बांधकामासाठी गिऱ्हाईक मिळते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाजनांना खास संरक्षण दिले गेले. पण मानस वेळेवर मिटते की नाही, हे गावानेच पाहावयाचे असते.

४. बोध : सामाईक वस्तू सामाईक असल्यामुळे नासत नाही. लाभ एकाचा आणि राखण दुसऱ्याची, अशी फारकत झाली की ती नासते. जुन्या गावकरीची शिस्त हवी, पण तिचे बंद दार नको.

चर्चेसाठी प्रश्न :
(अ) आपल्या गावातील तळे, विहीर किंवा गायरान आज कोण राखतो? लाभ कोणाला मिळतो?
(आ) त्याविषयीच्या निर्णयात कोणाला विचारले जात नाही?