न आलेल्या गाडीची वार्ता

भाची : मामा, आमच्या महाविद्यालयात सध्या दुसरा विषयच नाही. पल्सर ४०० ला संपूर्ण फेअरिंग चढवून आणि हँडल खाली घेऊन शर्यतीच्या धाटणीची एक नवी गाडी येणार, अशी वदंता आहे. गाडी कोणी पाहिलेली नाही, पण मते मात्र प्रत्येकाची पक्की. एक म्हणतो, पॉवर वाढवली नाही तर शोरूमची पायरीसुद्धा चढणार नाही. दुसरा म्हणतो, दोन लाखांच्या वर गेली तर विषय संपला. आणि तिसऱ्याने तर हातातली गाडी विकायला काढली आहे. जी वस्तू अस्तित्वात आहे की नाही हेच ठाऊक नाही, तिच्यावर माणसांचा इतका जीव कसा जडतो?

मामा : याचे मूळ शोधायचे तर २०१४ सालच्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाला भरलेल्या वाहनप्रदर्शनापर्यंत मागे जावे लागेल. तिथे बजाजने पल्सरच्या कुळातले दोन नमुने मांडले होते : एक सीएस ४००, उघड्या अंगाचा आणि भरदार टाकीचा, दुसरा एसएस ४००, संपूर्ण फेअरिंगचा, पाहताक्षणी शर्यतीच्या मैदानाची आठवण व्हावी अशा घडणीचा. आदल्याच वर्षी केटीएमची ३९० ड्यूक एक लाख ऐंशी हजारांना बाजारात आली होती आणि तिची जुळणी आपल्या चाकणलाच होत होती. केटीएमच्या भागभांडवलात बजाजचा वाटा २००७ पासूनचा. तेव्हा त्याच घराण्यातले इंजिन, पल्सरच्या नावाने आणि पल्सरला साजेशा किमतीत, आता आपल्या हाती पडणार, असा अदमास ज्या तरुणांनी बांधला त्यांना उतावीळ म्हणण्याचे काही कारण मला दिसत नाही. २००१ पासून पल्सर ही या राज्यातल्या असंख्य घरांतली पहिली मोटारसायकल होती. दीडशेवरून एकशेऐंशीवर, तिथून दोनशेवीसवर अशी ज्यांची वाढच त्या नावाबरोबर झाली, त्यांनी चारशेची वाट पाहावी, हे क्रमप्राप्तच होते.

भाची : मग ती एसएस ४०० आली का?

मामा : नाही आली. २०१५ च्या मार्चमध्ये फेअरिंगची पल्सर आली खरी, पण ती आरएस २००. अंगरखा शर्यतीचा आणि आतले इंजिन साडेचोवीस अश्वशक्तीचे. उरलेला सीएस ४०० चा नमुना, वदंतेत कधी व्हीएस तर कधी क्रॅटोस अशी नावे घेत घेत, अखेर डिसेंबर २०१६ मध्ये डॉमिनार ४०० म्हणून अवतरला : ३७३ सीसी, ३५ अश्वशक्ती, वजन १८२ किलो. लडाखला किंवा कन्याकुमारीला निघणाऱ्यांना ती फार मानवली. पण ज्यांनी एसएसच्या आशेने जवळजवळ तीन वर्षे काढली होती, त्यांना ते वजन पाहूनच कळून चुकले की ही आपली गाडी नव्हे. पल्सर या नावापुढे ४०० हा आकडा प्रत्यक्ष लागायला मे २०२४ उजाडावे लागले. एनएस ४०० झेड एक लाख पंच्याऐंशी हजारांना आली, चाळीस अश्वशक्तीची आणि १७४ किलोंची. परंतु तीही फेअरिंगविनाच. आता तुझ्या मित्रांचा जीव कुठे गुंतला आहे हे तुझ्या ध्यानात येईल. दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी दाखवून परत नेलेली वस्तू ते मागताहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी ती मागणी थोरल्या भावाकडून वारशाने घेतली आहे.

भाची : पण सगळा वाद पॉवरवर चालतो. चाळीस की त्रेचाळीस, एवढ्यावरून मुले हमरीतुमरीवर येतात. त्या तीन अश्वशक्तींना खरेच इतके मोल आहे का?

मामा : इथे जरा सावकाश जाऊ, कारण वदंतेतला सर्वांत मोठ्याने बोलला जाणारा हाच आकडा सर्वांत कमी समजून घेतला जातो. २०२४ च्या एनएस ४०० झेडच्या इंजिनाचे बोअर ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन रुंद आणि त्याची धाव आखूड. धाव आखूड असल्यामुळेच तो मिनिटाला ८,८०० फेऱ्यांचा वेग सहज सोसू शकतो. त्या वेगाला पिस्टन सेकंदाला सरासरी साडेसतरा मीटर इतका वर-खाली धावत असतो, आणि प्रत्येक फेरीत दोन वेळा पुरता थांबून दिशा बदलतो. जाहीर झालेली चाळीस अश्वशक्ती ही त्या ८,८०० फेऱ्यांची आहे. आता दुसरा आकडा पाहा : टॉर्क ३५ न्यूटन-मीटर, तो ६,५०० फेऱ्यांना. टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार म्हणजेच शक्ती. तेव्हा कागद घेऊन हिशेब केलास तर ६,५०० फेऱ्यांना सुमारे बत्तीस अश्वशक्ती निघते. म्हणजे ज्या शेवटच्या आठ अश्वशक्तींवरून भांडण पेटते त्या सगळ्या ६,५०० ते ८,८०० या पट्ट्यात राहतात.

भाची : आणि रोजच्या वापरात त्या पट्ट्यात आपण जातो तरी किती?

मामा : सिंहगड रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर चढूच शकत नाही अशा गर्दीत, क्वचितच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. घाटात, मोकळ्या महामार्गावर ओव्हरटेक करताना किंवा एखाद्या ट्रॅकवर मात्र तो पट्टा पुरेपूर कामी येतो. आणि तिथे त्याचा जो आनंद आहे तो खरा आहे, तो मी कमी लेखणार नाही. परंतु सकाळी क्लच दाबून दाबून ज्याचे मनगट भरून येणार आहे, त्याने वदंतेतल्या पॉवरच्या आधी वजन विचारावे, हँडलची उंची विचारावी, आणि इंजिन तीन-चार हजार फेऱ्यांना कसे ओढते, हे चालवून पाहावे. हे कोणी विचारत नाही, कारण यांतल्या शेवटच्या गोष्टीला आकडाच नसतो.

भाची : हे चित्र पाहा. काल कोणीतरी मोबाईलवर पाठवले. म्हणतात, चाचणीची गाडी चोरून टिपली आहे.

मामा : जरा मोठे कर. मागचे चाक दाखव. साडीगार्ड कुठे आहे? केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी काहीतरी तजवीज हवी. बसणाऱ्याला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी. या चित्रातल्या गाडीला यांतले काही नाही. नंबरप्लेट नाही, मडगार्ड जेमतेम, आरसे गायब, आणि चाकांवर धुळीचा कण नाही. ही कोणा चित्रकाराने संगणकावर केलेली कल्पना आहे. सुंदर आहे, पण दस्तऐवज म्हणून तिची किंमत शून्य. खरी चाचणीची गाडी कशी असते ठाऊक आहे का? काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आवरणात गुंडाळलेली, कुठे तरी चिकटपट्टीने बांधलेली वायर बाहेर आलेली, साडीगार्ड निमूटपणे लावलेले, आणि चेनवर चिखल. तिच्यात रंगरूप पाहायचे नसते, कारण तेच तर आवरणाखाली असते. पाहायचे ते जे झाकता येत नाही : इंजिनाच्या केसिंगची ठेवण, रेडिएटरची जागा, पुढच्या फोर्कची जाडी, चाकाच्या मानाने डिस्कचा घेर, फूटरेस्ट मागे सरकले आहेत का, आणि हँडल वरच्या प्लेटच्या खाली बसवले आहे की वर. या सहा बाबींवरून गाडीची जात ओळखता येते. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत ब्रेक, धूर, आवाज यांच्या परीक्षांना उतरून दाखला मिळाल्यावाचून कोणतीही गाडी विक्रीला निघत नाही. त्यामुळे जे खरोखर येणार असते ते कधी ना कधी रस्त्यावर दिसतेच.

भाची : आणि ट्रेडमार्कच्या दफ्तरात नाव नोंदले की गाडी आलीच, असे जे म्हणतात ते?

मामा : नाव राखून ठेवायला फार खर्च येत नाही, म्हणून कारखाने अनेक नावे राखून ठेवतात. त्यावर विसंबू नये. त्यापेक्षा कराची बाब लक्षात ठेव, कारण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर अठरा टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर चाळीस टक्के. तुझ्या मित्रांची स्वप्नातली गाडी ३७३ सीसीची आहे. म्हणजे ती त्या रेषेच्या अवघ्या तेवीस सीसी पलीकडे उभी आहे. दोन लाखांच्या आत हवी म्हणणाऱ्याने हा फरक मनात धरला पाहिजे. आणि उद्या याच वदंतेत साडेतीनशेच्या आतले इंजिन शिरले, तर ते कुठून शिरले हेही समजले पाहिजे.

भाची : एवढे सगळे बोलून उपयोग काय, मामा? कारखाना ऐकतो का?

मामा : या ठिकाणी मी आशावादी आहे, आणि तसे असण्याला आधार आहे. एनएस ४०० झेड आली तेव्हा मागचा १४० चा टायर या ताकदीला अपुरा वाटतो, अशी तक्रार अनेक चाहत्यांनी आणि परीक्षकांनी केली. २०२५ च्या सुधारित गाडीत मागे १५० चा टायर आला, पॉवर त्रेचाळीसवर गेली. पल्सर २२० एफ २०२२ मध्ये बंद झाली होती. तिच्यावर माया करणारे लोक काही गप्प बसले नाहीत, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा विक्रीला आली. म्हणून मी या प्रतिक्रियांना पोरखेळ मानत नाही. ज्या मुलाने तीन वर्षे पगारातून रक्कम बाजूला टाकली आहे, त्याच्यासाठी आज घ्यावी की सहा महिने थांबावे, हा त्याच्या आजवरच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठ्या खरेदीचा प्रश्न असतो. आणि त्याचे उत्तर त्याला एका अंधूक चित्रावरून शोधावे लागते. त्याचा आवाज चढला तर मला त्याचे नवल वाटत नाही.

भाची : खरे सांगायचे तर पैसे मीही साठवले आहेत. मी काय करू? थांबू?

मामा : मला वाटलेच होते. थांबायचेच असेल तर मुदत ठरवून थांब. दिवाळी म्हण किंवा पाडवा म्हण, पण तारीख ठरव आणि ती पुढे ढकलू नकोस. तोवर या शनिवारी लायसन्स बरोबर घे आणि एनएस ४०० झेडची टेस्ट राइड माग. फेअरिंगची गाडी आली तर आतले इंजिन बहुधा याच कुळातले असेल, तेव्हा इंजिन पटते की नाही हे तुला आजच कळेल. मग केटीएमच्या आरसी ३९० वर दहा मिनिटे नुसती बसून पाहा. खाली वाकून, भार मनगटांवर घेऊन, पाय मागे ठेवून. ती बैठक तुझ्या पाठीला मानवली नाही, तर फेअरिंगच्या गाडीसाठी थांबण्याचे कारणच उरत नाही.

भाची : आणि मानवली तर?

मामा : तर थांब. गाडी आली म्हणजे मात्र पहिल्याच आठवड्यात बुकिंग करू नकोस. पहिल्या खेपेच्या गाड्यांची पहिली सर्व्हिसिंग होऊ दे. सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी राहून, गाडी घ्यायला आलेल्या चार जणांना विचार, गर्दीत गरम किती होते, ॲव्हरेज काय पडते, ब्रेकच्या पॅडना आवाज येतो का. आणि शनिवारी मीही येतो. सकाळी दहाच्या आत जाऊ, रस्ते त्यातल्या त्यात मोकळे असतात.